जुना डेस्कटॉप, नवा लॅपटॉप आणि अडलेलं फाइल शेअरिंग: एकेक पायरी करून कसं सोडवायचं

इंदूरला आमच्या रामबाग-लोकमान्यनगर भागात कुठल्याही घरी जा, खालच्या खोलीत एक जुना डेस्कटॉप असतोच, त्यात बाबांचे हिशोब, लग्नामुंजीचे फोटो, मंडळाच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिका, आणि वर मुलाकडे नाहीतर सुनेकडे विंडोज ११ चा नवा लॅपटॉप. दोघं एकाच वायफायवर, पण एकमेकांना ओळख दाखवायला तयार नाहीत. मग कोणीतरी सल्ला देतो, "भिया, फायरवॉल बंद कर, एसएमबी१ चालू कर, होऊन जाईल." कधीकधी होतंही. पण माझं मत सरळ उलटं आहे. नव्या मशीनला खाली ओढायचं नाही, जुन्याला जेवढं वर आणता येईल तेवढं आणायचं, आणि जे अजिबातच जमत नाही ते थोड्या वेळापुरतं, एकाच बाजूने करून परत बंद करायचं.

हे सगळं खालून वर या क्रमाने तपासा: आधी नेटवर्क, मग पत्ता, मग प्रोटोकॉल (म्हणजे मशीननी आपापसात बोलायची ठरलेली पद्धत), मग युजर-पासवर्ड, शेवटी फोल्डरची परमिशन. लोक काय करतात, दहा सेटिंगा एकदम बदलतात आणि मग कशाने झालं आणि काय उघडं राहिलं ते कोणालाच कळत नाही.

आधी दोन्ही मशीन कोणत्या आहेत ते बघा

दोन्हीकडे स्टार्टच्या सर्चमध्ये (एक्सपी असेल तर रनमध्ये) विनवर टाइप करा, व्हर्जन समोर येईल. हे महत्त्वाचं का, तर विंडोजमध्ये फाइल शेअरिंग ज्या प्रोटोकॉलवर चालतं त्या एसएमबीच्या पिढ्या आहेत. एक्सपीला फक्त एसएमबी१ येतं. व्हिस्टापासून एसएमबी२ आलं, विंडोज ७ ला २.१, विंडोज ८ ला ३.०, आणि १० व ११ ला ३.१.१. दोन मशीन भेटल्या की दोघींना येणारी सगळ्यात वरची पिढी निवडली जाते. म्हणजे विंडोज ७ आणि विंडोज ११ आपापसात २.१ वर आरामात बोलतात, त्यांना एसएमबी१ ची काडीचीही गरज नाही. तरी निम्मे लोक विंडोज ७ साठी एसएमबी१ चालू करून बसतात आणि अडचण भलतीकडेच असते, बहुतेक वेळा पासवर्डमध्ये.

एसएमबी१ बंद का केलं, तर २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) जगभर पसरलं ते याच एसएमबी१ मधल्या भोकातून. त्याचा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच काढला होता, पण लाखो मशीनवर तो टाकलेलाच नव्हता. त्याच वर्षीच्या शेवटी आलेल्या विंडोज १० च्या १७०९ व्हर्जनपासून एसएमबी१ हळूहळू काढून टाकायला सुरुवात झाली. २०१८ च्या १८०३ मध्ये होमग्रुपसुद्धा (घरातल्या मशीनमध्ये शेअरिंग करायची जुनी सोय) गेलं, त्यामुळे जुन्या मशीनवरचा होमग्रुपचा पासवर्ड शोधत बसू नका, त्याचा आता काही उपयोग नाही.

विंडोज ११ असेल तर विनवरमध्ये २४एच२ किंवा त्याच्या पुढचं आहे का ते पण बघून ठेवा. त्यात दोन गोष्टी कडक झाल्या आहेत, त्या पुढे येतीलच.

नेटवर्क खरंच एक आहे का

"एकाच वायफायवर आहोत" हे वाक्य तपासल्याशिवाय मानू नका. दोन्ही मशीनवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग चालवा आणि आयपीव्ही४ चा पत्ता कागदावर लिहा. दोन्हींचे पहिले तीन आकडे सारखे पाहिजेत, म्हणजे एक १९२.१६८.१.५ आणि दुसरा १९२.१६८.१.८ असेल तर ठीक. एक १९२.१६८.१ वाला आणि दुसरा १९२.१६८.० किंवा १९२.१६८.२९ वाला निघाला तर तुमच्या घरात दोन नेटवर्क आहेत. आणि १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर त्या मशीनला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, केबल किंवा वायफायच बघा, पुढचं काही करू नका.

दोन नेटवर्कवालं प्रकरण दुमजली घरांत फार असतं. फायबरवाल्याने खाली एक डबा लावलेला असतो, वर रेंज येत नाही म्हणून आपण आणखी एक राउटर आणतो आणि खालची वायर त्याच्या वॅन (बाहेरून इंटरनेट घ्यायच्या) पोर्टात घालतो. इंटरनेट मस्त चालतं, पण वरच्या राउटरने आपलं वेगळं नेटवर्क तयार केलेलं असतं. अशा वेळी गंमत अशी होते की वरच्या लॅपटॉपवरून खालचा पीसी आयपी टाकून कधीकधी उघडतो, पण खालून वरचं काही उघडत नाही. यावर उपाय म्हणजे वरच्या राउटरच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट मोड (यात तो वेगळं नेटवर्क न बनवता खालच्याचंच पुढे देतो) असेल तर तो चालू करा. नसेल तर त्या राउटरचा स्वतःचा पत्ता खालच्याशी टक्कर होणार नाही असा बदला, डीएचसीपी (मशीनना पत्ते वाटायची सोय) बंद करा आणि वायर वॅनमधून काढून लॅन पोर्टात घाला. याच क्रमाने करा, आधी वायर हलवली तर घरातले सगळे फोन गोंधळतील.

गेस्ट वायफाय हा दुसरा चोर. गेस्ट नेटवर्कवरच्या मशीन एकमेकांना दिसू नयेत म्हणूनच ते बनवलेलं असतं. काही राउटरमध्ये साध्या वायफायवरही एपी आयसोलेशन (मशीनना एकमेकींपासून वेगळं ठेवणं) नावाची खूण चालू असते, ती काढा. आणि जुना पीसी वायफायलाच लागत नसेल तर राउटर फक्त डब्ल्यूपीए३ वर (ही वायफायची नवी सुरक्षा पद्धत) तर नाही ना ते बघा, एक्सपीला सर्व्हिस पॅक ३ असेल तर डब्ल्यूपीए२ पर्यंतच जमतं, आणि जुन्या कार्डांना ५ गिगाहर्ट्झचं वायफाय दिसतच नाही. खरं सांगायचं तर जुन्या पीसीला वायफायच्या फंदात पाडूच नका, लॅनची वायर लावा.

आता पिंग, म्हणजे दुसऱ्या मशीनला हाक मारून उत्तर येतं का ते बघायची कमांड. आधी दोन्ही मशीनवरून राउटरला पिंग करा, मग नव्यावरून जुन्याला. राउटर उत्तर देतो पण दुसरी मशीन देत नाही, तर लगेच वायर खराब समजू नका, फायरवॉल पिंगसुद्धा अडवते. विंडोज १० आणि ११ वर सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ते पब्लिकचं प्रायव्हेट करा. विंडोज ७ वर होम किंवा वर्क निवडा. फायरवॉल पूर्ण बंद करायची नाही, फाइल अँड प्रिंटर शेअरिंगला परवानगी द्यायची, बस. जुन्या पीसीवर कधीतरी सीडीबरोबर आलेला, मुदत संपून वर्षं झालेला अँटिव्हायरस असेल तर त्याची स्वतःची फायरवॉल असते आणि ती विंडोजचं काहीही ऐकत नाही. तो अनइन्स्टॉल करा.

नेटवर्कमध्ये दिसत नाही? दिसायची गरजच नाही

एक्सप्लोररमध्ये डावीकडे नेटवर्कवर क्लिक करून जुना पीसी दिसायची वाट बघण्यात लोकांच्या संध्याकाळी जातात. दिसणं आणि उघडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या मशीन दाखवणारी कॉम्प्युटर ब्राउजर सर्व्हिस एसएमबी१ वर अवलंबून होती, नव्या मशीन वेगळ्या पद्धतीने एकमेकींना शोधतात, त्यामुळे एक्सपी नव्या विंडोजच्या त्या यादीत येणारच नाही. सरळ एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन बॅकस्लॅश आणि मग आयपी पत्ता टाका आणि एंटर मारा. उघडलं तर काम झालं, मॅप नेटवर्क ड्राइव्ह करून त्याला एक अक्षर देऊन टाका. पत्ता दर वेळी बदलू नये म्हणून राउटरमध्ये त्या पीसीसाठी पत्ता राखून ठेवायची सोय असते, ती वापरा.

विंडोज १० आणि ११ आपापसात दिसत नसतील तर मात्र सर्व्हिसेसमध्ये जाऊन फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन ही सर्व्हिस ऑटोमॅटिक करून चालू करा, आणि नेटवर्क डिस्कव्हरी चालू आहे का बघा.

आयपी टाकूनही ०एक्स८००७००३५ हा एरर, म्हणजे नेटवर्क पाथ सापडला नाही असं आलं, तर समोरच्या मशीनचं शेअरिंग बंद आहे किंवा फायरवॉलने ४४५ नंबरचं पोर्ट अडवलंय. पण पासवर्ड विचारणारी खिडकी आली तर आनंद माना, नेटवर्क आणि प्रोटोकॉल दोन्ही पास झाले, आता भांडण फक्त लॉगिनचं.

पासवर्ड, म्हणजे खरी भानगड

सगळ्यात जास्त गाड्या इथेच अडकतात म्हणून जरा सावकाश वाचा.

त्या खिडकीत पासवर्ड मागतात तो समोरच्या मशीनचा, म्हणजे जिच्यात फाइली आहेत तिचा, तुमच्या लॅपटॉपचा नाही. पिन चालत नाही, बोट लावून चालत नाही. आणि समोरच्या अकाउंटला पासवर्डच नसेल तरी चालत नाही, कारण विंडोज रिकाम्या पासवर्डचं अकाउंट नेटवर्कवरून आत घेत नाही, ते फक्त समोर बसून लॉगिन करायला. आपल्याकडच्या जुन्या पीसींना पासवर्ड ठेवायची पद्धतच नव्हती, काकू चालू करणार आणि थेट डेस्कटॉप आला पाहिजे, मग नव्या लॅपटॉपवर दहा वेळा रिकामं एंटर मारून काय होणार.

म्हणून काकूंच्या अकाउंटला हात न लावता फाइली असलेल्या मशीनवर शेअरिंगसाठी एक वेगळं लोकल अकाउंट बनवा, नाव इंग्रजी अक्षरांत, छोटं, स्पेस नसलेलं, आणि त्याला नीट पासवर्ड. विंडोज ७ वर कंट्रोल पॅनेलच्या युजर अकाउंट्समधून होतं. विंडोज ११ वर सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स, अ‍ॅड अकाउंट, मग "माझ्याकडे या व्यक्तीची साइन-इन माहिती नाही" अशा अर्थाची ओळ, आणि मग मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय युजर. दोन-तीन पडदे मुद्दाम लपवल्यासारखे आहेत पण आहे तिथेच.

आता पासवर्ड विचारला की मोअर चॉइसेसमधून दुसरं अकाउंट निवडा आणि युजरच्या जागी आधी समोरच्या कॉम्प्युटरचं नाव, मग एक बॅकस्लॅश, मग युजरचं नाव असं लिहा. नुसतं युजरनेम लिहिलं तर कधीकधी विंडोज तुमच्याच लॅपटॉपचं नाव पुढे जोडून पाठवतं आणि बरोबर पासवर्डही चूक ठरतो.

एकदा चुकीचा पासवर्ड सेव्ह झाला असेल तर तो गुपचूप परत परत पाठवला जातो. कंट्रोल पॅनेलमध्ये क्रेडेन्शियल मॅनेजर उघडा, विंडोज क्रेडेन्शियल्समध्ये त्या पीसीच्या नावाच्या किंवा पत्त्याच्या नोंदी असतील त्या काढा, साइन आउट करून परत या. १२१९ नंबरचा एरर आला तर एकाच मशीनला दोन वेगवेगळ्या युजरने जोडायचा प्रयत्न चाललाय, त्यालाही हाच इलाज.

आता ते २४एच२ वालं. पहिली गोष्ट, प्रो एडिशनमध्ये गेस्ट म्हणून, म्हणजे बिनपासवर्डचं, दुसऱ्याच्या शेअरमध्ये जाणं बंद झालंय. "तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे" वगैरे मेसेज येतो आणि घरच्या लॅपटॉपला कुठली संस्था म्हणून माणूस चक्रावतो. दुसरी, प्रोमध्ये एसएमबी सायनिंग (प्रत्येक निरोपावर डिजिटल सही) सक्तीचं झालंय, आणि गेस्टला सायनिंग करताच येत नाही. इंटरनेटवर लगेच "पॉलिसी बदला, सायनिंग बंद करा" असले उपाय मिळतात. करू नका. विंडोज ७ ला सायनिंग येतं, त्याला फक्त खरं अकाउंट आणि खरा पासवर्ड पाहिजे, जो तुम्ही आत्ताच बनवलात. विंडोज ७ वर अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्जमध्ये पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग चालू ठेवा आणि होमग्रुपच्या ऐवजी युजर अकाउंट्स आणि पासवर्ड वापरा हा पर्याय निवडा.

हे सगळं बरोबर असून लॉगिन होत नसेल तर जुन्या पीसीची तारीख बघा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल मेला की चालू केल्यावर घड्याळ पार मागच्या कुठल्यातरी वर्षात जातं, आणि दोन मशीनच्या वेळेत एवढी तफावत असली की लॉगिन नाकारलं जाऊ शकतं. सेल कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो.

उघडलं, पण फोल्डरात घुसू देत नाही

अ‍ॅक्सेस डिनाइड आलं तर फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधले दोन टॅब बघा, शेअरिंग आणि सिक्युरिटी. एक वाड्याचं फाटक, दुसरं खोलीचं दार, दोन्ही उघडी पाहिजेत, आणि जे जास्त बंद ते चालतं. शेअरिंगमध्ये फुल कंट्रोल दिलं आणि सिक्युरिटीमध्ये त्या युजरचं नावच नसलं तर आत जाता येणार नाही. दोन्हीकडे त्या नव्या युजरचं नाव घाला, फाइली फक्त काढून घ्यायच्या असतील तर नुसतं रीड द्या.

अख्खा सी ड्राइव्ह शेअर करू नका. डी ड्राइव्हवर एक वेगळा फोल्डर करा, हवं ते त्यात टाका, तोच शेअर करा. आणि कॉपी मध्येच "पाथ फार लांब" म्हणून थांबली तर फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर असं झालंय आणि २६० अक्षरांची मर्यादा ओलांडली गेलीय, वरच्या फोल्डरांची नावं छोटी करा.

एक्सपी असेल तर

इथे एसएमबी१ ला पर्याय नाही, पण करायचं ते असं करा.

नव्या लॅपटॉपवर "टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ" उघडा, एसएमबी १.० च्या समोरचं प्लस दाबा. आत तीन खुणा आहेत: ऑटोमॅटिक रिमूव्हल, क्लायंट आणि सर्व्हर. सर्व्हरला हात लावायचा नाही. फक्त क्लायंट, आणि ऑटोमॅटिक रिमूव्हल चालू राहू द्या. क्लायंट म्हणजे तुमचा लॅपटॉप जुन्याकडे जाऊन फाइली आणू शकेल, पण एसएमबी१ वरून कोणी तुमच्या लॅपटॉपमध्ये येऊ शकणार नाही. ऑटोमॅटिक रिमूव्हलमुळे पंधरा दिवस वापर झाला नाही की विंडोज ते आपणहून काढून टाकतं. तरी काम झाल्यावर स्वतःच काढलेलं बरं.

आणि हे काम इंटरनेट तोडून करा. दोन मशीन एका लॅन केबलने थेट जोडा, लॅपटॉपचं वायफाय बंद करा. आजकालच्या गिगाबिट पोर्टना क्रॉस केबल लागत नाही, साधी चालते. पातळ लॅपटॉपला लॅनचं भोकच नसतं, मग यूएसबी-टू-लॅन अ‍ॅडॉप्टर घ्यावा लागतो, जेल रोडला नॉव्हेल्टी मार्केटात मिळून जाईल. दोन्हीकडे हाताने पत्ते द्या, एकीला १९२.१६८.५०.१, दुसरीला १९२.१६८.५०.२, सबनेट मास्क दोन्हीकडे २५५.२५५.२५५.०, गेटवे रिकामा. लॅपटॉप याला अनोळखी पब्लिक नेटवर्क म्हणेल, म्हणू द्या, आपल्याला बाहेर जायचंय, कोणाला आत घ्यायचं नाही.

एक्सपी प्रोफेशनल असेल तर फोल्डर ऑप्शन्सच्या व्ह्यू टॅबमध्ये अगदी खाली यूज सिंपल फाइल शेअरिंग आहे, ती खूण काढा, नाहीतर एक्सपी प्रत्येकाला गेस्टच समजतो. मग वर सांगितलं तसं पासवर्डवालं अकाउंट, फोल्डर शेअर, आणि लॅपटॉपवरून दोन बॅकस्लॅश व पत्ता. २४एच२ प्रो सायनिंगवरून अडलं तर लॅपटॉपवर काही बदलू नका, एक्सपीवर अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टूल्स, लोकल सिक्युरिटी पॉलिसी, सिक्युरिटी ऑप्शन्समध्ये मायक्रोसॉफ्ट नेटवर्क सर्व्हर, डिजिटली साइन कम्युनिकेशन्स, इफ क्लायंट अ‍ॅग्रीज हे एनेबल करून रीस्टार्ट करा. एक्सपीला सायनिंग जमतं, फक्त ते बंद ठेवलेलं असतं.

एक्सपी होम असेल तर सिंपल शेअरिंग काढताच येत नाही, सगळे गेस्ट. तिथे डोकं फोडण्यापेक्षा शेवटचा भाग वाचा.

कॉपी करताना

जुन्या १०० एमबीपीएसच्या लॅन कार्डवर सेकंदाला अकरा-बारा एमबीच्या वर जात नाही, म्हणजे ४० जीबी फोटोंना तासभर धरा, आणि हजारो बारक्या फाइली असतील तर अजून जास्त. मोठा साठा असेल तर नव्या मशीनवरून रोबोकॉपी ही कॉपी करायची कमांड वापरा, ती विंडोजमध्येच असते आणि मध्ये वायर हलली तरी परत प्रयत्न करते.

नवीन विंडोजवाल्या दोन मशीन नक्की कुठल्या पिढीवर बोलतायत ते बघायचं असेल तर शेअर उघडा ठेवून अ‍ॅडमिन पॉवरशेलमध्ये गेट-एसएमबीकनेक्शन चालवा, डायलेक्टच्या रकान्यात आकडा दिसतो. विंडोज ७ शी २.१ दिसलं म्हणजे सगळं जागेवर आहे.

आपल्या लोकांसाठी एक खास. जुन्या स्मरणिका, पत्रिका, निमंत्रणं श्रीलिपी किंवा कृतिदेव असल्या फॉण्टात असतात. फाइल नव्या मशीनवर उघडली की सगळा कचरा दिसतो आणि लोकांना वाटतं कॉपी करताना बिघडली. फाइल ठणठणीत आहे, तो फॉण्ट नव्या मशीनवर नाही एवढंच. जुन्या पीसीच्या फॉण्ट्स फोल्डरातून ते फॉण्ट पण घेऊन या, इन्स्टॉल करा, मग उघडा. युनिकोडमध्ये बदलणं नंतर सावकाश, मूळ फाइलवर सेव्ह न करता.

जुन्या पीसीवर लिनक्स मिंट टाकलं असेल तर फार बोलायला नको, साम्बाने (लिनक्सवरून विंडोजशी फाइल शेअरिंग करणारा प्रोग्रॅम) २०१९ च्या ४.११ व्हर्जनपासून एसएमबी१ आपणहून बंद केलंय, विंडोज ११ बरोबर नीट चालतं, फक्त साम्बाचा पासवर्ड वेगळा ठेवावा लागतो हे विसरू नका.

नाहीच झालं तर

सरळ हार्ड डिस्क काढा. एक्सपी होम, मेलेलं लॅन कार्ड, अर्ध्यात बंद पडणारा पीसी, यांच्यासाठी हाच शहाणपणाचा रस्ता आहे आणि मी तर म्हणतो एकदाच फाइली हव्या असतील तर सुरुवातच इथून करा. डिस्क-टू-यूएसबी अ‍ॅडॉप्टर घ्या, पण घेताना आधी डिस्कचं कनेक्टर बघून जा. रुंद पट्टीची केबल म्हणजे आयडीई, अरुंद म्हणजे साटा, दुकानात सहसा नुसता साटावाला हातात ठेवतात. डेस्कटॉपची मोठी डिस्क असेल तर अ‍ॅडॉप्टरबरोबर वेगळा बारा व्होल्टचा पॉवर सप्लाय आलाच पाहिजे, यूएसबीच्या करंटवर ती फिरणार नाही. लॅपटॉपला लावल्यावर "फॉरमॅट करायची का" असं विचारलं तर नाही म्हणा, आणि जुन्या युजरच्या फोल्डरवर परवानगी नाही असं आलं तर कंटिन्यू दाबा, विंडोज परवानग्या बदलायला वेळ घेतं, तेवढा वेळ ती डिस्क टेबलावर सपाट ठेवा आणि हलवू नका.